वटहुकूम : उसन्या सत्तेचा हिशेब

२७ जानेवारी २०२४ रोजी नवी मुंबईत वाशी येथे राज्य सरकारने मराठा आरक्षणाच्या आंदोलकांच्या हाती एक कागद दिला. त्या दिवशी पुष्कळांच्या तोंडी त्या कागदाचे नाव 'अध्यादेश' असे होते. प्रत्यक्षात तो जात प्रमाणपत्राच्या नियमांत करायच्या बदलांचा मसुदा होता, हरकती-सूचना मागवण्यासाठी अधिसूचनेच्या रूपाने काढलेला. आरक्षणाचा प्रश्न हा या लेखाचा विषय नाही. पण शब्दांची ती सरमिसळ मला महत्त्वाची वाटते, कारण शासन निर्णय, अधिसूचना आणि अध्यादेश ही एकाच कागदाची तीन नावे नव्हेत. तिन्हींमागे वेगवेगळी सत्ता उभी असते.

शासन निर्णय, म्हणजे आपल्या बोलण्यातला 'जीआर', हा कारभाराचा आदेश. मंत्रालयाने आपल्या खात्यांना दिलेली ती सूचना असते. तिने कायदा बदलत नाही. अधिसूचनेच्या मार्गाने सरकार नियम करते, पण तो अधिकार विधिमंडळाने एखाद्या कायद्यात आधीच लिहून दिलेला असावा लागतो. अध्यादेश म्हणजेच वटहुकूम. तो विधिमंडळाची बैठक न होता मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने आणि राज्यपालांच्या किंवा राष्ट्रपतींच्या सहीने निघतो, आणि तरीही त्याची ताकद पूर्ण कायद्याची असते. त्याने जुना कायदा बदलता येतो, नवा गुन्हा ठरवता येतो, बँका ताब्यात घेता येतात.

कायदा करणे हे कायदेमंडळाचे काम, तो राबवणे कार्यकारी मंडळाचे आणि त्याचा अर्थ लावणे न्यायमंडळाचे, असे आपण शाळेपासून शिकतो. मग कार्यकारी मंडळाच्या हाती कायदा करण्याची ही सत्ता आली कुठून? ती तिथे किती काळ राहू शकते? आणि परत करायची वेळ आली की ती खरोखर परत होते का?

तीन चौकटी आणि एक बाण

राज्यशास्त्राच्या वर्गात मी फळ्यावर तीन चौकटी काढतो. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ मध्ये मांडलेल्या विचाराचे ते सोपे चित्र आहे : कायदा करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा हात एकच असेल, तर नागरिकाचे स्वातंत्र्य उरत नाही. अमेरिकेच्या संविधानाने हे चित्र बरेचसे तसेच उतरवले. तिथला अध्यक्ष काँग्रेसचा सदस्य नसतो आणि त्याला स्वतः कायदा करता येत नाही. १९५२ मध्ये कोरियन युद्ध चालू असताना ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला. काँग्रेसने असा अधिकार दिलेला नाही, असे सांगून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो दोन महिन्यांच्या आत रद्द केला.

आपल्या संविधान सभेपुढेही हा प्रश्न आला होता. डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी तिन्ही शाखा एकमेकींपासून पूर्णपणे अलग असाव्यात, अशी दुरुस्ती सुचवली. सभेने ती फेटाळली. त्यामागे कारण होते. आपण संसदीय पद्धत निवडली होती, आणि तिच्यात मंत्री हे संसदेचेच सदस्य असतात व लोकसभेला जबाबदार असतात. सरकारला रोज सभागृहात उभे करून जाब विचारायचा, तर सरकार त्या सभागृहात बसलेले हवे. न्यायमंडळ मात्र कार्यकारी मंडळापासून वेगळे असावे, असा निर्देश कलम ५० मध्ये आला.

१९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेचे वर्णन केले. पंजाब सरकारने शालेय पाठ्यपुस्तकांचे प्रकाशन हळूहळू आपल्याकडे घेतले होते आणि खासगी प्रकाशकांनी त्याला आव्हान दिले होते. त्या राम जवाया कपूर खटल्यात न्या. बी. के. मुखर्जी यांच्या निकालाचा आशय असा होता : आपल्या संविधानाने सत्ताविभाजन अगदी कडक स्वरूपात स्वीकारलेले नाही. पण तिन्ही शाखांची कामे पुरेशी वेगळी केलेली आहेत आणि एकीने दुसरीचे मूळ काम बळकवावे, हे संविधानाला मान्य नाही.

म्हणजे आपल्याकडे चौकटींच्या मध्ये पक्क्या भिंती नाहीत. दारे आहेत, आणि प्रत्येक दाराला अटींची कडी आहे. फळ्यावरच्या चौकटींत मी शेवटी एक बाण काढतो, कायदेमंडळाकडून कार्यकारी मंडळाकडे जाणारा. तो बाण म्हणजे वटहुकूम. बाणाला परतीचे टोक आहे की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

उसनवारीच्या अटी

केंद्रासाठी संविधानाचे कलम १२३ आणि राज्यांसाठी कलम २१३ आहे. दोन्हींचा सांगाडा एकच. पहिली अट वेळेची : दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू असताना वटहुकूम काढता येत नाही. दुसरी अट निकडीची : ताबडतोब कृती करणे भाग पडावे अशी परिस्थिती आहे, याबद्दल राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची खात्री झाली पाहिजे. व्यवहारात ही खात्री मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने ठरते. तिसरी अट परतफेडीची : सभागृहे पुन्हा भरली की वटहुकूम त्यांच्यापुढे ठेवायचा, आणि ती भरल्यापासून सहा आठवडे उलटले की तो आपोआप संपतो. त्याआधी सभागृहांनी नापसंतीचा ठराव केला, तर तो लगेच संपतो. सरकार केव्हाही तो मागेही घेऊ शकते.

दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर असता कामा नये, असे संविधान सांगते. सहा महिने आणि वर सहा आठवडे धरले, तर एका वटहुकुमाचे आयुष्य जास्तीत जास्त साडेसात महिन्यांच्या आसपास जाते. तेवढ्यात विधिमंडळाने त्याचा कायदा केला तर ठीक, नाही तर तो गेला.

शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणताना जो अलिखित करार असतो, तोच येथे लिहून काढला आहे. घरात नाही म्हणून आणायची, लागेल तेवढीच आणायची आणि बाजार उघडला की परत करायची. कायदा करण्याची सत्ता विधिमंडळाची आहे. ते बसलेले नसताना अडचण आली, तर कार्यकारी मंडळाने ती थोडे दिवस वापरावी. या कलमांत दान कुठेच नाही, सगळी उसनवारी आहे.

गव्हर्नर जनरलची देणगी

हे हत्यार मुळात आपले नव्हे. १८५७ नंतर ब्रिटिशांनी केलेल्या १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अॅक्टने गव्हर्नर जनरलला निकडीच्या वेळी एकट्याने वटहुकूम काढण्याचा अधिकार दिला. त्याची मुदत सहा महिने होती. तो कसा वापरला गेला, याचे एक उदाहरण महाराष्ट्राला विसरता येणार नाही. १ मे १९३० रोजी लॉर्ड आयर्विनने लाहोर कटाच्या खटल्यासाठी वटहुकूम काढला. भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे राजगुरू यांच्यावरील खटला नेहमीच्या न्यायालयातून काढून तीन न्यायाधीशांच्या खास न्यायाधिकरणाकडे दिला गेला. आरोपी हजर नसतानाही काम चालवायची मुभा मिळाली आणि निकालावर हायकोर्टात अपील करण्याचा मार्ग बंद झाला. ७ ऑक्टोबरला फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस वटहुकुमाची मुदत संपली. त्याचे काम तोवर झालेले होते.

हा वटहुकूमच बेकायदा आहे, असा मुद्दा घेऊन प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. निकड होती की नव्हती हे ठरवणारा गव्हर्नर जनरल एकटाच, न्यायालयाने त्यात पडायचे नाही, असे उत्तर तिथे मिळाले. एका वटहुकुमाने कायदा बदलला, न्यायालय बदलले आणि अपील काढून घेतले. तिन्ही चौकटी एका सहीत आल्या. वटहुकुमाच्या बाबतीत 'खात्री कोणाची?' हा प्रश्न किती जिवावरचा असतो, हे त्या फाशीने दाखवून दिले.

१९३५ च्या कायद्यानेही गव्हर्नर जनरल आणि गव्हर्नरांकडे ही सत्ता ठेवली. मे १९४९ मध्ये तिचे नवे रूप संविधान सभेपुढे आले, तेव्हा सभागृहात बसलेल्या कित्येकांनी ब्रिटिश वटहुकुमांचा चटका स्वतः सोसलेला होता. हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्यांना दिलेली मुदत फार मोठी वाटली, तर प्रा. शहांना ही सत्ताच नको होती. डॉ. आंबेडकरांचे उत्तर व्यवहाराचे होते. अस्तित्वात असलेल्या कायद्याने निभावणार नाही असा प्रसंग अचानक उद्भवू शकतो, त्या क्षणी विधिमंडळ भरलेले नसते, आणि तरी सरकारला काही करावे लागते. शिवाय ही सत्ता विधिमंडळाला समांतर नाही. विधिमंडळ बसले की ती थांबते. या युक्तिवादावर कलम मंजूर झाले. म्हणजे कलमाचा सगळा भरवसा दोन गोष्टींवर होता : निकड खरी असावी, आणि परतफेड वेळेवर व्हावी.

दादासाहेब मावळंकरांची पत्रे

पहिली तक्रार विरोधी बाकांवरून नव्हे, अध्यक्षांच्या आसनावरून आली. गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे, कर्मभूमी अहमदाबाद. पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले मावळंकर १९५० मध्ये हंगामी संसदेचे अध्यक्ष होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी संसदीय कामकाज मंत्र्यांना लिहिले आणि १९५४ मध्ये थेट पंतप्रधान नेहरूंना. वटहुकूम काढण्याची रीत मुळातच लोकशाहीला धरून नाही, हे त्यांचे म्हणणे. एखादा वटहुकूम योग्य असला, तरी असे बरेच निघाले की सरकार वटहुकुमांवर चालते अशी लोकांची समजूत होते. सभागृहालाही वाटू लागते की निर्णय आधीच झाला आहे, आपण फक्त शिक्का मारायचा. सभागृहाला वेळ नाही, हे वटहुकुमाचे कारण होऊ शकत नाही.

नेहरूंना तत्त्व मान्य होते. संसदीय प्रक्रिया कधी कधी फार रेंगाळते, हा त्यांचा मुद्दा होता. या दोन भूमिका आजही समोरासमोर आहेत. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, ते नेहरूंच्या बाजूने बोलते. मावळंकरांच्या बाजूने बोलणारा अध्यक्ष मात्र क्वचित भेटतो. आणि मावळंकर तर सत्तारूढ पक्षातूनच आले होते.

शनिवार ते सोमवार

१९ जुलै १९६९, शनिवार. संसदेचे अधिवेशन सोमवारी, २१ तारखेला सुरू होणार होते. त्या शनिवारी हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी १४ मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकुमावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला. त्या १४ बँकांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. राष्ट्रीयीकरण बरोबर की चूक, हा वाद वेगळा. आपला प्रश्न एवढाच आहे : दोन दिवस थांबता आले नसते का? राष्ट्रीयीकरणाची चाहूल लागली तर बाजारात गोंधळ उडेल, म्हणून गुप्तता हवी, हे सरकारच्या बाजूचे कारण आहे आणि ते पोकळ नाही. पण 'निकड' या शब्दाला किती ताण देता येतो, हेही त्या शनिवारी दिसले.

रुस्तम कूपर यांच्या अर्जावर १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकांचा कायदा रद्द केला, तो मुख्यतः भरपाई आणि भेदभावाच्या मुद्द्यावर. वटहुकुमाच्या जागी तोवर कायदा आला होता, त्यामुळे निकडीचा प्रश्न न्यायालयाने अनिर्णित ठेवला. चार दिवसांत सरकारने नवा वटहुकूम काढला. पुढे आणीबाणीत, १९७५ च्या ३८ व्या घटनादुरुस्तीने, राष्ट्रपतींची आणि राज्यपालांची खात्री अंतिम ठरवून न्यायालयाचा दरवाजा बंद केला. प्रिव्ही कौन्सिलने भगतसिंगांना दिलेले उत्तर असे स्वतंत्र भारताच्या संविधानात लिहिले गेले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते पुसून टाकले.

राजपत्रे वाचणारा अर्थशास्त्रज्ञ

उसनवारीत खरी फसवणूक मात्र निकडीच्या अटीत झाली नाही. ती परतफेडीच्या अटीत झाली, आणि ती पकडली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या एका संशोधकाने. डॉ. डी. सी. वाधवा हे जमीनविषयक कायद्यांचे अभ्यासक. बिहारच्या राजपत्रांत त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. वटहुकूम संपायचे आणि त्याच मजकुराचे, त्याच नावाचे वटहुकूम पुन्हा निघायचे. गावोगावच्या सोसायट्यांत मार्चअखेर कर्ज 'नवे-जुने' करतात, तसेच हे होते. कागदावर जुने कर्ज फिटते, त्याच दिवशी नवे उचलले जाते आणि घरातून पैसा काही बाहेर पडत नाही. वटहुकूमही असेच नवे-जुने होत होते.

वाधवांनी मोजणी केली. १९६७ ते १९८१ या काळात बिहारच्या राज्यपालांनी काढलेले २५६ वटहुकूम असे पुनःपुन्हा काढून एक ते चौदा वर्षे जिवंत ठेवले गेले होते. उसाच्या पुरवठ्याबद्दलचा १९६८ चा वटहुकूम १३ वर्षांहून अधिक चालला आणि पंचायत राज्याविषयीचा १९७० चा ११ वर्षांहून अधिक. साडेसात महिन्यांसाठी उसनी घेतलेली वस्तू घरातल्या पोराच्या दहावीपर्यंत घरातच राहिली. मधल्या काळात विधिमंडळाची अधिवेशने होत होती. फक्त हे वटहुकूम तिथे कायद्याच्या रूपाने येत नव्हते.

हे काही चुकून होत नव्हते. जुलै १९८१ मधले बिहार सरकारच्या संसदीय कामकाज विभागाचे एक पत्र पुढे न्यायालयासमोर आले. अधिवेशन संस्थगित झाले आहे, आता मुदत संपण्यापूर्वी सगळे वटहुकूम मूळ स्वरूपातच पुन्हा काढून घ्यावेत, असे त्यात खात्यांना कळवले होते. विधिमंडळाला वगळून कायदे चालू ठेवणे हे टपाल रवाना करण्यासारखे नेहमीचे कारकुनी काम झाले होते.

वाधवांनी १९८३ मध्ये या सगळ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच या प्रकाराला 'संविधानाची फसवणूक' म्हटले. मग ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्यासोबतच्या अर्जदारांकडे पाहिले की या वटहुकुमांची झळ कुठवर पोचत होती ते कळते : वनोपजाच्या वटहुकुमाखाली आलेला एक रयत, इंटरमीडिएट शिक्षण परिषदेच्या वटहुकुमाखाली आलेला पाटण्याचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी आणि विटांच्या वटहुकुमाखाली आलेला एक वीट व्यावसायिक. पुण्याच्या संशोधकाचा बिहारच्या वटहुकुमांशी काय संबंध, अशी हरकत घेतली गेली. रीतसर केलेल्या कायद्यानेच आपल्यावर राज्य व्हावे, हा नागरिकाचा हक्क आहे आणि त्यासाठी तो न्यायालयात येऊ शकतो, असे न्यायालयाने ठरवले.

२० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांनी पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल दिला. वटहुकुमाची सत्ता असाधारण प्रसंगासाठी आहे. विधिमंडळाला टाळून ती सरसकट वापरणे ही संविधानाची फसवणूक होय. त्या वेळी चालू असलेला इंटरमीडिएट परिषदेचा वटहुकूम रद्द झाला आणि वाधवांना त्यांच्या श्रमांबद्दल १०,००० रुपये देण्याचा आदेश झाला. मात्र निकालात एक फट राहिली : विधिमंडळापुढे फारच काम असेल आणि वेळ नसेल, तर वटहुकूम पुन्हा काढणे चालू शकेल. मावळंकरांनी नाकारलेले कारण असे मागच्या दाराने आत आले.

४२९ शाळांचे शिक्षक

फसवणुकीची किंमत कोण मोजतो? निकालाला तीन वर्षे होत असताना, डिसेंबर १९८९ मध्ये, त्याच बिहारमध्ये एक वटहुकूम निघाला. ४२९ खासगी संस्कृत शाळांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतले. शिक्षकांना वाटले, आपण आता सरकारी नोकर झालो. मुदत संपली की पुढचा वटहुकूम निघे. त्यांतला एकही कधी विधिमंडळापुढे ठेवला गेला नाही आणि कायदाही झाला नाही. शेवटचा वटहुकूम ३० एप्रिल १९९२ रोजी संपला. शिक्षक पगारासाठी न्यायालयात गेले.

प्रश्न गुंतागुंतीचा होता. वटहुकूम विझल्यावर त्याने दिलेला हक्क विझतो की उरतो? जुने निकाल शिक्षकांना थोडे अनुकूल होते. १९९८ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि प्रकरण वर वर जात राहिले. अखेर २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने कृष्णकुमार सिंह खटल्याचा निकाल दिला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने ठरवले की वटहुकूम पुनःपुन्हा काढणे घटनाबाह्य आहे, तो विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक आहे, आणि असा वटहुकूम संपल्यावर त्यातून कायमचे हक्क जन्मत नाहीत. वटहुकूम विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक आहे, हे न्या. मदन लोकूर यांना मान्य नव्हते.

तत्त्व जिंकले. शिक्षकांच्या हाती मात्र एवढेच लागले, की आधी दिलेला पगार परत घेतला जाणार नाही. सरकारच्या शब्दावर त्यांनी पंचवीस वर्षे लढा दिला, आणि तो शब्द मुळातच उसना होता. सत्ताविभाजन म्हणजे पाठ्यपुस्तकातली कोरडी बाब, असे ज्यांना वाटते त्यांना मी हा निकाल वाचायला सांगतो.

आपल्याला हवा असलेला वटहुकूम

इथवर वाचून वटहुकूम म्हणजे वाईटच असे वाटले, तर तो अर्धाच हिशेब होईल. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खपून काम केले, तो विधिमंडळात पुनःपुन्हा अडकला होता. खुनानंतर आठवड्याच्या आत तो वटहुकूम म्हणून लागू झाला. महाराष्ट्रातल्या असंख्य विवेकी माणसांना त्या वेळी समाधान वाटले. मलाही वाटले.

पण मावळंकरांचा प्रश्न तिथेही लागू होतो. इतकी वर्षे वेळ असताना विधिमंडळाने जे केले नाही, ते चार-सहा दिवसांत वटहुकुमाने व्हावे, हे विधिमंडळाच्या अपयशाचे लक्षण नव्हते का? या उदाहरणात मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधेयक आले, त्यावर चर्चा झाली, विरोध झाला, आणि दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. उसने घेतलेले परत झाले. आज तो कायदा पाय रोवून उभा आहे, तो डिसेंबरच्या मतदानामुळे. म्हणून वटहुकूम कोणत्या हेतूने काढला, यापेक्षा पुढच्या अधिवेशनात त्याचे काय झाले, ही कसोटी मला अधिक भरवशाची वाटते. हेतू प्रत्येक सरकारचा त्याच्या तोंडून चांगलाच असतो.

निकालानंतरही

ही कसोटी अलीकडच्या काळाला लावून पाहावी. भूसंपादन कायदा बदलणारा वटहुकूम ३१ डिसेंबर २०१४ रोजी निघाला. लोकसभेने विधेयक मंजूर केले, पण राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हते. मग अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत एकट्या राज्यसभेचे सत्र संस्थगित केले गेले आणि ३ एप्रिल २०१५ रोजी वटहुकूम पुन्हा निघाला. दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नसले की पुरे, या शब्दरचनेचा तो उपयोग होता. तिसरा वटहुकूम ३० मे रोजी आला आणि ३१ ऑगस्टला सरकारने तो विझू दिला. २०१७ च्या निकालानंतरही तिहेरी तलाकचा वटहुकूम सप्टेंबर २०१८, जानेवारी २०१९ आणि फेब्रुवारी २०१९ असा तीनदा निघाला. कायदा जुलै २०१९ मध्ये झाला. ५ जून २०२० चे तीन कृषी वटहुकूम सप्टेंबरमध्ये कायदे झाले, पण शेतकऱ्यांशी आणि सभागृहांत जी चर्चा आधी व्हायची, ती नंतर दिल्लीच्या सीमेवर वर्षभर झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घ्यावे लागले.

दुसऱ्या पक्षांची सरकारेही या हिशेबातून सुटत नाहीत. दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधींचे पद वाचवणारा वटहुकूम २०१३ मध्ये काँग्रेसप्रणीत केंद्र सरकारने मंजूर केला होता. जुलैमधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याने निष्प्रभ झाला असता. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी सही न करता मंत्र्यांना बोलावून खुलासा विचारला, सत्तारूढ पक्षातूनही विरोध झाला आणि तो मागे घेतला गेला. केरळच्या डाव्या आघाडी सरकारचे ११ वटहुकूम ऑगस्ट २०२२ मध्ये एकदम संपले, कारण ते पुन्हा काढण्यावर राज्यपालांनी सही केली नाही.

शेवटच्या दोन उदाहरणांत वटहुकुमाला थोपवणारी माणसे राष्ट्रपती आणि राज्यपाल होती. मला त्यात फार समाधान वाटत नाही. ज्यांची वस्तू उसनी नेली आहे, त्या आमदार-खासदारांनी ती मागायला हवी. ती मागणी दुबळी होण्याचे कारणही उघड आहे. अधिवेशने आखूड होत चालली, की वटहुकुमाला जागा आपोआप मोठी होते. शिवाय ज्या पक्षाचे सरकार, त्याचेच सभागृहात बहुमत. देणारा आणि घेणारा एकाच घरात राहत असतील, तर तगादा कोण लावणार?

म्हणून तगाद्याचे काम काही अंशी आपल्याकडे येते. वर्तमानपत्रात वटहुकुमाची बातमी दिसली की तीन प्रश्न विचारावेत. अधिवेशन किती दिवसांवर होते? तेवढे थांबल्याने नेमके काय बिघडले असते? आणि सभागृहे भरल्यानंतरच्या सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला, तो संपला, की पुन्हा निघाला? तिसऱ्या प्रश्नाच्या वेळेपर्यंत बातमी शिळी झालेली असते, आणि नवे-जुने करणाऱ्यांची भिस्त त्याच शिळेपणावर असते. डॉ. वाधवांच्या हाती काही गुप्त कागद नव्हते. त्यांनी छापील राजपत्रे एकापुढे एक ठेवली आणि तारखा जुळवून पाहिल्या. राजपत्रे आता संकेतस्थळांवर मिळतात आणि तारखा पूर्वीसारख्याच स्वच्छ छापलेल्या असतात.